लिलीचे कंद आणि घरातली मांजरं-कुत्री: कुठला चालेल, कुठला बाहेरच ठेवायचा

(जनावराने काही खाल्लं असेल तर आधी अगदी खालचा ‘खाल्लंच तर’ हा भाग वाचा. बाकीचं नंतर.)

नर्सरीत ‘लिलीचे कंद द्या’ म्हटलं की कागदाच्या पुडीत दहा-बारा कांदे बांधून मिळतात. कुठली लिली, हे देणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. घरात फक्त माणसं असतील तर फूल येईपर्यंत थांबायला हरकत नाही. मांजर असेल तर थांबता येत नाही, कारण आपल्याकडे ‘लिली’ हे नाव सात-आठ निरनिराळ्या झाडांना चिकटलंय. त्यातली दोन मांजराची मूत्रपिंडं तीन दिवसांत बंद पाडतात. आणखी तीन-चार अशा आहेत की त्या खाल्ल्या तर उलट्या-जुलाब होतात. एक-दोघींनी अळू खाजतं तसं तोंड खाजतं. आणि एक तर कुत्रा, मांजर, गाय, माणूस कुणालाच सोडत नाही. म्हणून ‘लिली विषारी का?’ या प्रश्नाआधी ‘आपल्या कुंडीत आहे ती कोण?’ हे ठरवावं लागतं.

आधी ओळख पटवा

कंद हातात असेल तर काम सोपं आहे. हातमोजे घाला आणि बाहेरून बघा.

लसणाची गड्डी सैल व्हावी तसा, जाड पांढरट-पिवळट खवल्यांचा, वर कागदासारखी साल अजिबात नाही: हा लिलिअम. पाकिटावर ‘एशियाटिक’, ‘ओरिएंटल’ असं लिहिलेलं असतं. बहुतेक माल नेदरलँड्समधून येतो आणि लाकडाच्या भुश्यात किंवा कोकोपीटमध्ये गुंडाळलेला असतो. मांजर असेल तर पुडी इथेच परत करायची.

तपकिरी कागदी साल आणि आडवा कापला तर कांद्यासारखी एकात एक वलयं: रेन लिली, अमरिलिस, स्पायडर लिली, नागदवणा, फुटबॉल लिली (मे महिन्यात लाल चेंडू येतो ती) किंवा थंड देशांतला डॅफोडिल. ही सगळी एकाच कुळातली. ट्यूलिप आणि हायसिंथचे कंदही साधारण असेच दिसतात.

पेढ्यासारखा चपटा, आतून भरीव, वर जाळीदार साल: ग्लॅडिओलस.

बोटाएवढा जाड, भरीव, दोन फाट्यांचा, म्हणजे इंग्रजी ‘व्ही’सारखा: कळलावी. हा कापून बघत बसू नका.

कंद नाहीच, शतावरीसारख्या फुगीर मुळांचा झुपका: डे लिली. मांजराच्या बाबतीत ही लिलिअमइतकीच वाईट, हे लक्षात ठेवा.

झाड वाढलेलं असेल तर फुलाच्या दांड्याकडे बघा. लिलिअमचा एकच ताठ दांडा जमिनीतून येतो, त्याला खालपासून वरपर्यंत पानं असतात आणि टोकाला फुलं. अमरिलिसची पट्ट्यासारखी पानं बुडातूनच निघतात, दांडा मात्र उघडा आणि आतून पोकळ. या खुणेत एक फसगत आहे. डे लिलीचीही पानं बुडातून पंख्यासारखी निघतात आणि दांडा उघडाच असतो, त्यामुळे ‘दांड्याला पानं नाहीत, म्हणजे बरी’ असं मानून मोकळं होऊ नका. डे लिलीचं प्रत्येक फूल एकच दिवस टिकतं आणि दांड्याला वर फाटे फुटतात. कळलावीची खूण सगळ्यात सोपी: पानाचं टोकच तणाव्यासारखं गुंडाळलेलं असतं आणि त्याने वेल कुंपणाला धरून चढते.

फूल गुच्छातलं असेल तर दुकानदाराने खालची पानं ओरबाडून टाकलेली असतात. अशा वेळी परागकोश बघा. लिलिअमचे सहा परागकोश मधोमध टेकू दिल्यासारखे डुलतात आणि त्यांची तांबूस-तपकिरी पूड कपड्यावर हळदीच्या डागासारखी बसते. डाग पडू नयेत म्हणून बरेच फुलवाले ते आधीच खुडून टाकतात. परागकोश नाहीत म्हणून फूल निर्धोक ठरत नाही, विष पाकळ्या-पानांतही तेवढंच असतं.

मांजर आणि खरी लिली

इथे ‘खरी’ म्हणजे लिलिअम आणि तिच्या जोडीला डे लिली. मांजराला घातक ठरायला एखाद-दुसरं पान, पाकळीचा तुकडा, अंगावर पडलेली आणि चाटून पोटात गेलेली परागाची पूड पुरते. नेमकं कुठलं रसायन हे करतं ते शास्त्रज्ञांना अजून वेगळं काढता आलेलं नाही. ते पाण्यात उतरतं एवढं कळलंय, म्हणून फुलदाणीतलं पाणी प्यायलेलं मांजरही त्याच धोक्यात असतं.

त्या बहात्तर तासांत काय होतं ते नीट समजून घ्या, कारण घात याच वेळापत्रकामुळे होतो. पहिल्या काही तासांत उलट्या, लाळ, सुस्ती, जेवणाला तोंड न लावणं. मग बारा तासांच्या आसपास उलट्या थांबू शकतात. मांजर एका कोपऱ्यात शांत बसतं, घरातले म्हणतात, ‘चला, बाहेर पडलं सगळं.’ नेमक्या त्याच वेळी मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांचं अस्तर मरत असतं. बारा ते चोवीस तासांत मांजर खूप पाणी पिऊ लागतं, पुन्हापुन्हा मातीच्या ट्रेकडे जातं, अंगातलं पाणी कमी होतं. चोवीस ते बहात्तर तासांत लघवी कमी होत होत थांबते, उलट्या परत सुरू होतात. एकदा लघवी बंद पडली की डायलिसिसशिवाय फारसं काही हातात राहत नाही, आणि मांजराचं डायलिसिस आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी होतं.

उपचार लवकर झाला तर निकाल चांगला लागतो. खाल्ल्यापासून अठरा तासांच्या आत शिरेतून सलाइन सुरू झालं आणि ते ४८ ते ७२ तास चालू राहिलं तर बहुतेक मांजरं वाचतात. नळ्यांचं अस्तर मेलं तरी त्याखालचा पाया शाबूत राहिला तर ते पुन्हा भरून येतं. तोवर लघवी वाहती ठेवायची, एवढंच सलाइनचं काम. म्हणून लक्षणं दिसायची वाट बघायची नाही. मांजर ठणठणीत दिसतंय आणि लिलीच्या पानाला दाताच्या खुणा आहेत, एवढं डॉक्टरकडे जायला पुरेसं कारण आहे.

कुत्र्याला याच लिलीने मूत्रपिंडाचा त्रास होत नाही. पोट बिघडतं, उलटी होते, बहुधा दिवसाभरात निस्तरतं. फक्त कुत्रा असलेल्या घरात लिलिअम लावायला हरकत नाही, गाठी उकरू नयेत एवढं बघा.

मांजर असलेल्या घरात मात्र मधला मार्ग नाही. उंच फळी, टांगती कुंडी, कपाटावरची फुलदाणी, यातलं काहीच मांजराला अडवत नाही, आणि पराग तर खाली गळतातच. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये ही लिली कुंडीतून कमी आणि वाढदिवसाच्या गुच्छातून किंवा लग्नाच्या हॉलमधून उचलून आणलेल्या सजावटीतून जास्त येते. येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. गुच्छ हवाच असेल तर गुलाब, जर्बेरा किंवा ऑर्किड सांगा. गुच्छात अल्स्ट्रोमेरिया असते, तिला फुलवाले ‘पेरूची (म्हणजे पेरू देशाची) लिली’ म्हणतात. तिने पोट बिघडेल, मूत्रपिंड जाणार नाही.

कळलावी

श्रावण-भाद्रपदात कुंपणावर पिवळ्या-लाल ज्वाळांसारखी फुलणारी ही वेल कोकणात काही भागांत ‘गौरीचे हात’ म्हणून ओळखली जाते, गोव्यात माटोळीला (गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीला) बांधायच्या रानच्या जिनसांतही असते. खड्यानाग, वाघनखी, अग्निशिखा ही तिचीच नावं. इंग्रजीत ‘ग्लोरी लिली’ म्हणतात, म्हणून ऑनलाइन दुकानांत तिचे कंद ‘लिली’ या सदरात दिसतात. सुंदर आहे यात वाद नाही. पण तिच्या सगळ्या भागांत, त्यातही कंदात आणि बियांत जास्त, कोल्चिसिन असतं. ते पेशींचं विभाजनच थांबवतं. जिथे पेशी सतत नव्या बनतात ते आधी कोलमडतं: आतड्याचं अस्तर आणि हाडांतला मगज. म्हणून आधी काही तासांत उलट्या आणि रक्ताचे जुलाब, नंतर रक्तातल्या पेशी घटणं, हृदय-मूत्रपिंडावर ताण. यावर हमखास उतारा नाही, डॉक्टर शरीर तोलून धरतात एवढंच.

कुत्रा किंवा मांजर मोकळं फिरतं त्या आवारात कळलावी ठेवू नये, हे स्पष्ट मत. रानातली रानात राहू द्या, ती तिथे शोभते आणि पुष्कळ ठिकाणी ओरबाडली गेल्यामुळे कमीही झाली आहे. घराच्या कुंपणावरची काढायची तर पावसाळ्यातच काढा, कारण हिवाळ्यात वेल वाळून जाते आणि कंद कुठे आहे ते कळत नाही. रबरी हातमोजे घाला, वेलीच्या बुडापासून वीतभर लांबून गोलाकार खणा आणि कंद आख्खा उचला. तो काकडीसारखा कट्कन मोडतो. कोंब असलेलं टोक मातीत राहिलं तर पुढच्या आषाढात वेल परत हजर. शेंगा धरल्या असतील तर फुटायच्या आधी तोडा. त्या उकलल्या की आतले लालकेशरी दाणे पसरतात आणि ते पिल्लांना खेळायला आवडतील असेच असतात. हे सगळं कंपोस्टमध्ये टाकू नका, सोसायटीच्या उघड्या कचराकुंडीतही नको, तिथे भटकी कुत्री असतात. जाड पिशवीत बांधून, गाठ मारून घंटागाडीत द्या.

पोट बिघडवणारी मंडळी

मराठी घरांच्या अंगणात कडेने लावलेली ‘लिली’ म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा रेन लिली. पहिल्या सरीनंतर एका रात्रीत गुलाबी किंवा पांढरी फुलते, पानं गवतासारखी. मांजराला गवत चावायची सवय असतेच, त्यामुळे ती पानं हमखास कुरतडली जातात. हिच्यात, अमरिलिसमध्ये, स्पायडर लिलीत, नागदवण्यात आणि फुटबॉल लिलीत लायकोरिन नावाचं रसायन असतं आणि ते मुळात उलटी आणणारंच आहे. पानापेक्षा कांद्यात जास्त. दोन पानं चावली तर एखादी उलटी, थोडी लाळ. कुत्र्याने उकरून आख्खा कांदा खाल्ला तर उलट्या-जुलाब, जास्त गेलं तर अंग थरथरणं, रक्तदाब उतरणं, आणि मग डॉक्टर लागतो. लहान पिल्लू असेल तर उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणीच जातं, ते जास्त गंभीर.

जाता जाता: स्वयंपाकघरातला कांदा आणि लसूण याच कुळातले. त्यांचं विष वेगळं, ते रक्तातल्या लाल पेशी फोडतं. मांजराला किलोमागे पाच ग्रॅम कांदा त्रासदायक ठरू शकतो, म्हणजे चार किलोच्या मांजराला २० ग्रॅम, पोह्यात घालतो त्यापेक्षाही कमी. अंगणातल्या रेन लिलीची काळजी करणारे पुष्कळ जण कुत्र्याला कालवणातली पोळी बिनदिक्कत घालतात.

ग्लॅडिओलसच्या गाठी खाल्ल्या तर लाळ, उलटी, जुलाब. डेलियाने सौम्य पोटदुखी आणि कातडीला खाज. पीस लिली आणि कॅला लिली या अळूच्या भाऊबंद. यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारखे स्फटिक असतात, अळू चिरताना हाताला खाज सुटते ती यांचीच. चावल्या चावल्या जनावर तोंड झटकतं, पंजाने तोंड घासतं, लाळ गाळतं. वेदना लगेच होत असल्यामुळे सहसा दुसरा घास घेत नाही.

निशिगंध लिलीच्या कुळातला नाहीच, घायपाताच्या कुळातला. लिलिअमसारखा मूत्रपिंडाचा धोका त्याच्यात नाही, तरी गड्डे कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. निवांत राहायचं असेल तर कर्दळ आणि सोनटक्का लावा. दोन्ही कुत्र्या-मांजरांना विषारी नाहीत, आपल्या पावसात तणासारखे वाढतात, आणि सोनटक्क्याच्या वासापुढे त्या आयात केलेल्या लिलीची मातब्बरी नाही.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एवढंच: ईस्टरच्या सुमारास दुकानांत येणाऱ्या पांढऱ्या लिलीच्या कुंड्या लिलिअमच आहेत. ट्यूलिप, हायसिंथ, डॅफोडिलचे कंद कुत्र्यांचं पोट जोरात बिघडवतात. आणि शरद ऋतूत फुलणाऱ्या ‘ऑटम क्रोकस’मध्ये कळलावीतलंच कोल्चिसिन असतं. वसंतातला साधा क्रोकस वेगळा, नावावर जाऊ नका.

कुत्रा कंद का उकरतो

कंदाची चव वाईटच असते. कुत्रा जातो तो खताच्या वासावर. कंद लावताना खड्ड्यात मूठभर बोनमील (हाडांचा चुरा) घालायची पद्धत आहे, आणि कुत्र्याच्या नाकाला ते हाडाचं आमंत्रण वाटतं. उकरताना कंद पोटात जातो तो जातोच, वर बोनमील भरपूर खाल्लं तर पोटात सिमेंटसारखा गोळा बसू शकतो.

त्याहून वाईट म्हणजे एरंडीची पेंड. ती सेंद्रिय खत म्हणून सुटी मिळते, तयार मिश्रखतांतही असते, आणि कुत्र्यांना आवडते. एरंडीच्या बीत रायसिन असतं. पेंड नीट उष्णता देऊन निर्विष केलेली नसेल तर ते पेंडीतही उरतं. लक्षणं बहुधा सहा तासांनंतर, कधी दोन दिवसांनी येतात: सुस्ती, उलट्या, रक्ताचे जुलाब. लिलीच्या नावाने बोटं मोडली जातात आणि पेंड सुटते. खत घेताना ‘पेंड कशाची?’ हे विचारा, नीट उत्तर नाही मिळालं तर घेऊ नका.

पावसाळ्यात गोगलगायी लिलीची पानं एका रात्रीत साफ करतात, मग कोणीतरी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या सुचवतं. त्या कुत्र्याच्या खाण्यासारख्या दिसतात आणि काही तासांत झटके आणतात. रात्री आठ-नऊनंतर बॅटरी घेऊन गोगलगायी हाताने वेचा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. चार-पाच रात्रींत फरक पडतो. फोरेट या कीटकनाशकाच्या दाण्यांवर देशात २०२० अखेरीपासून बंदी आहे, जुनी पुडी माळ्यावर पडली असेल तर वापरू नका. विकतच्या गाठींना गुलाबी-पांढरी पूड लागलेली दिसते ती बुरशीनाशकाची, म्हणून लावण्याआधी त्या जनावरांच्या पुढ्यात ठेवू नका.

लावायची रीत

मिश्रण: दोन भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग जाड वाळू. आठ इंची कुंडीला मूठभर लिंबोळी पेंड. ती कडू असते, कुत्री सहसा तोंड लावत नाहीत. बोनमील आणि एरंडी पेंड दोन्ही नको.

रेन लिली दोन इंच खोल, तीन-तीन इंचांवर. ग्लॅडिओलस चार ते पाच इंच खोल, सहा इंचांवर. खोल लावलेली गाठ उकरायला वेळ लागतो, तेवढ्यात आपलं लक्ष जातं. अमरिलिसचा एक-तृतीयांश कांदा मातीवर ठेवावा लागतो, नाहीतर फुलत नाही. म्हणजे तो उघडाच, कुत्र्याच्या नाकासमोर. ती जमिनीत लावू नका, कठड्यावरच्या जड कुंडीत लावा.

वाफ्यावर जाळी: गाठी बसवून वर इंचभर माती घातली की गॅल्व्हनाइज्ड जाळी पसरा. रेन लिलीला अर्धा इंची चालते, ग्लॅडिओलसला दीड-दोन इंची कोंबडीची जाळी घ्या, नाहीतर दांडा जाड झाल्यावर गळफास बसतो. जाळी वाफ्यापेक्षा तीन इंच मोठी कापून कडा खाली दुमडा. त्या टोचत्या कडा वर राहिल्या तर पंजा कापतो. वर उरलेली माती, आणि त्यावर फुटक्या कौलांचे तळहाताएवढे तुकडे. बारीक खडी पिल्लं गिळतात. भुसभुशीत माती उघडी राहिली तर मांजर तिचा संडास करतं, तो त्रासही कौलांमुळे जातो.

मांजराला गवत हवंच असतं, ते द्या म्हणजे रेन लिली वाचते. ५० ग्रॅम गहू रात्रभर भिजवा, पसरट ट्रेमध्ये दोन इंच कोकोपीटवर दाट पसरा, वर ओलं फडकं घाला. कोंब आले की फडकं काढा. आठवड्याभरात चार बोटं वाढ होते, दोन-तीन आठवडे चालतं. पिवळं किंवा बुरसटलेलं टाकून द्या आणि दर दहा दिवसांनी नवा ट्रे लावा. गवती चहा त्या जागी ठेवू नका, त्यातल्या तेलाने पोट बिघडतं.

हंगाम संपल्यावर उकरलेले कंद कांद्या-बटाट्याच्या टोपलीत कधीच ठेवू नका. अमरिलिसचा कांदा आणि नाशिकचा कांदा संध्याकाळच्या उजेडात सारखेच दिसतात, आणि यात माणसांचाही प्रश्न आहे. भोकं पाडलेल्या खोक्यात, वर नाव लिहून, बंद कपाटात.

खाल्लंच तर

१. तोंडातले तुकडे बोटाने काढा, तोंड ओल्या फडक्याने पुसा. परागाची पूड अंगावर असेल तर मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळा म्हणजे चाटणार नाही, आणि ओल्या कापडाने पूड टिपून घ्या.

२. घड्याळ बघा. कधी खाल्लं, किती, हे कागदावर लिहा. झाडाचा फोटो काढा: पान, दांडा, फूल, जमल्यास कंद. कुरतडलेलं पान आणि उलटीतले तुकडे पिशवीत भरून सोबत न्या.

३. घरी उलटी करवू नका. मिठाचं पाणी तर मुळीच नाही, त्याने रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात. परदेशी माहितीत हायड्रोजन पेरॉक्साइड सुचवलेलं असतं. ते तीन टक्क्यांचं आणि फक्त कुत्र्यासाठी, तेही डॉक्टरच्या सांगण्यावरून. आपल्या औषधाच्या दुकानात मिळणारी बाटली बहुधा सहा टक्क्यांची असते, आणि मांजराच्या जठराला तर ते जाळतंच. दूध, तूप, हळद याने विष उतरत नाही, वेळ जातो. अपवाद एकच: पीस लिली किंवा कॅला चावली असेल तर तोंड धुऊन चमचाभर साधं दही द्या, त्यातलं कॅल्शियम स्फटिकांची आग कमी करतं.

४. मांजर आणि लिलिअम किंवा डे लिली (खुणा वर ‘आधी ओळख पटवा’मध्ये), अथवा कोणतंही जनावर आणि कळलावी किंवा एरंडी पेंड: लगेच निघा, रात्र असली तरी. बाकी कंदांना जनावर तरतरीत असेल, एकच उलटी झाली असेल तर फोनवर विचारून घरी लक्ष ठेवता येतं. दोनहून जास्त उलट्या, रक्त, थरथर किंवा मलूलपणा दिसला तर तेही डॉक्टरकडे.

५. निघण्याआधी दवाखान्याला फोन करून तीन गोष्टी विचारा. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं काम करतायत का ते यावरून कळतं) आणि लघवीची तपासणी आत्ता होईल का? शिरेतून सलाइन दोन दिवस चालू ठेवायची सोय आहे का? रात्री कोणी असतं का? एकदा कातडीखाली सलाइन टोचून घरी पाठवणं लिलीच्या मांजराला पुरत नाही. तसं होत असेल तर ‘लिलिअम खाल्लंय, मूत्रपिंडाचा धोका आहे’ असं स्पष्ट सांगा आणि दुसरीकडे पाठवायला सांगा. पहिल्या दिवशीचं क्रिएटिनिन चांगलं आलं तरी तेवढ्यावर थांबू नका, ते वाढायला वेळ लागतो. पुढचे दोन-तीन दिवस रोज तपासावं लागतं. असे दोन दवाखाने आजच शोधून नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. अमेरिकेत एएसपीसीए या प्राणीरक्षण संस्थेचा आणि ब्रिटनमध्ये ‘अॅनिमल पॉयझनलाइन’ हे चोवीस तासांचे विषबाधा मदतक्रमांक आहेत, दोन्ही सल्ल्याचे पैसे घेतात.

६. घरी उरलेल्याने फुलं पिशवीत बांधून बाहेर न्यावीत, फुलदाणीचं पाणी मोरीत ओतून ती साबणाने धुवावी. जमिनीवरचा पराग झाडूने झाडला तर उडतो, म्हणून चिकटपट्टीने उचला आणि मग साबणाच्या पाण्याने पुसा. फिनेल वापरू नका. त्यातला फेनॉल मांजराला वेगळाच बाधतो, आणि दवाखान्यातून परतलेलं मांजर त्याच लादीवर बसून पंजे चाटणार असतं.